आठच्या वर

आरगच्या शिवारात, कॅनॉलच्या अलीकडं
बाहुबली अण्णांची अडीच एकर द्राक्षं.
मांडवाच्या तारेला मी टांगते पिवळी नरसाळी,
खाली लांब पिशवी, टोक सुतळीनं आवळलेलं,
वर झाकण, झाकणाच्या पोटात
बोराच्या बीएवढी रबरी गोळी.

पुडक्यावर छापलंय : कामगंध सापळा.
मोठ्यानं वाचायची सोय नाही.
अण्णा विचारतात, "मालन, ते गंधाचं टांगलंस का?"
अर्धाच शब्द. उरलेला अर्धा
आम्ही दोघं गिळतो. त्यांची सून
पदरात हसते.

गोळीत मादी नाही.
मादीच्या पोटाच्या टोकाशी, सगळी निजल्यावर,
थेंबाचाही थेंब न होता जे सुटतं
ते कुठल्याशा कारखान्यात
चष्म्यातल्या कुणी माणसानं जुळवून आणलंय.
मी नाकाशी धरून पाहिली एकदा.
नव्या चपलेचा वास. बाकी काही नाही.
माझ्यासाठी नव्हतंच ते.

पण नर येतात.
वाऱ्याला तोंड देऊन, नागमोडी,
वास हरवला की आडवे, सापडला की सरळ,
बेडगच्या बाजूनं, ऊस ओलांडून, हळदीवरून.
सकाळी पिशवीत तपकिरी ढीग,
त्यातले एकदोन अजून फडफडणारे,
पंखांवर पांढऱ्या रेघा,
पोरानं पाटीवर खडू नुसताच ओढावा तशा.

वहीत तीन रकाने : तारीख, सापळा, नग.
पाच. सात. चार.
आठच्या वर गेले की फवारणी,
असं कृषी सहायकानं पहिल्या पानावर लिहून दिलंय.
अण्णा आकडा ऐकतात, पिशवीकडं बघत नाहीत.
दिवस मावळायच्या आत त्यांचं ताट
धुऊन पालथं पडलेलं असतं,
दिव्यावर जीव येऊन पडू नये, ताटात सापडू नये.
दशलक्षणाचे दहा दिवस सापळे उतरवायला लावले.
गोळ्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये, दह्याच्या मागं.
"दहा दिवस पोरांना येऊ दे, जाऊ दे," म्हणाले.
पोरांना. असंच म्हणाले.

अकराव्या दिवशी पानाखाली अंडी.
लोकरीच्या ठिपक्यासारखा पुंजका,
वर तिनं आपल्याच पोटावरची लव
काढून अंथरलेली.
अण्णा त्या पानाशी बराच वेळ उभे होते.
पान तोडलं नाही, सोडलंही नाही, बोटावर तोलून धरलं.
मग म्हणाले, "टांग."

परवा हातमोजा फाटलेला.
तशाच बदलल्या गोळ्या, उघड्या बोटांनी,
आणि बोटं पुसली ब्लाउजच्या बाहीला.
रात्री लाईट गेलेली. भाकऱ्या उरकून
मी अंगणात बसले होते, पाय पसरून.
प्रज्वलनं मोबाईलची बॅटरी मारली :
"आत्या, हलू नको!"

बाहीवर. दंडावर. बोटांच्या पेरांवर.
पंख अर्धे उघडे, मिशा थरथरत,
गोल फिरून परत तिथंच,
एवढ्याशा पायांनी चाचपत.

एकेचाळीस वर्षं झाली.
या गल्लीत माझ्या दारापुढं
कुणाच्या सायकलचा वेग कमी झाला नाही.
दोन स्थळं आली होती, चहा पिऊन गेली,
दुसऱ्यांनी तर बशीत चहा ठेवला तसाच.

प्रज्वल मोजत होता. त्यालाही सवय लागलीये माझी.
"नऊ, दहा... आत्या, अकरा!
आठच्या वर गेले, आता फवारणी का?"
वहिनी आतून ओरडली, झटक की ते, शी.
मी हात तसाच धरून बसले.
मुंग्या येईपर्यंत. लाईट येईपर्यंत.
मग ते सगळे बल्बकडं गेले.

सकाळी बाही दोनदा साबणानं घासली.
वहीत लिहिलं :
सापळा एक, सहा. दोन, तीन. तीन, पाच.
खाली पट्टी ठेवून आणखी एक ओळ आखली.
अण्णांनी चष्मा पुसत विचारलं, "ही कशाची?"
म्हटलं, चुकून आखली.